चेहऱ्यावरच्या ट्यूबचीही वहीत नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या त्वचेच्या काळजीवर अख्खं पान होतं. लिंबाची अर्धी फोड चेहऱ्यावर घासा, खाण्याचा सोडा गुलाबपाण्यात कालवून लावा, वगैरे नेहमीचं. ते दर उन्हाळ्यात येतं आणि दर उन्हाळ्यात आम्ही ते वाचतो. पण शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की, चेहरा फारच काळवंडला असेल तर औषधाच्या दुकानातून एखादं सौम्य क्रीम आणून रात्री झोपताना लावावं. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, कारण ते औषधाचं दुकान माझं आहे. मूर्तिजापुरात, एसटी स्टँडच्या रस्त्याला. वडिलांनी सुरू केलं, डी. फार्म. झाल्यापासून मी सांभाळते. 'एखादं क्रीम' मागायला लोक येतात ते माझ्याच काउंटरवर.

लिंबाचं आधी उरकते. लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात की ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर कातडी भाजते. लगेच कळत नाही. दीड-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि ते बसले की मागे जो काळा डाग राहतो तो आठवडेच्या आठवडे जात नाही. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या लिंबानेच नवा डाग. आपल्या पानावर 'लिंबू लावून उन्हात जाऊ नये' एवढं तरी छापायला हवं होतं. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, इथे लिंबाचं सरबत प्यावं.

आता क्रीम. माझ्याकडे येणारी बाई क्रीमचं नाव सांगत नाही. ती मोबाइलमधला फोटो दाखवते, नाहीतर रुमालाच्या गाठीतून शेवटपर्यंत पिळून गुंडाळलेली रिकामी ट्यूब काढून काचेवर ठेवते. "ताई, हेच पाह्यजे. माह्या जावेनं लावलं तं आठ दिवसांत उजळली ते." डॉक्टरची चिठ्ठी विचारली की "कायले चिठ्ठी? मलमच तं आहे" असं उत्तर. यात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया असतात, कॉलेजच्या मुली असतात, पाहुणे पाहून गेल्यावर घाईघाईने आलेल्या आया असतात. आणि पोरंही असतात, हे कुणी लिहीत नाही. पोलीस भरतीच्या तयारीला सकाळ-संध्याकाळ मैदानावर धावणारी पोरं चेहरा रापला म्हणून येतात आणि हळूच, दुकानात दुसरं कुणी नसताना, तीच ट्यूब मागतात.

ती ट्यूब एकदा नीट पाहावी. पंधरा-वीस ग्रॅमची. पुढच्या बाजूला कंपनीने ठेवलेलं चकचकीत नाव, इंग्रजीत. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तीन औषधं: हायड्रोक्विनोन दोन टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्का. बाजूला लाल रेघ, आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावं असा इंग्रजी इशारा. ज्या बाईच्या हातात ती जाते तिला यातलं काहीही वाचता येत नाही. सोबत फोटो पाठवत आहे. छापलात तर मूळ आकारातच छापा, म्हणजे वाचकांना अंदाज येईल.

हे मिश्रण वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याची मूळ कल्पना १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मांडली. वांगावर आजही तज्ज्ञ डॉक्टर ते लिहून देतात, पण काही आठवडे, फार तर दोन महिने, आणि मधे बोलावून चेहरा पाहतात. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य बनणं कमी करतं, ट्रेटिनॉइनने वरची कातडी लवकर बदलते, आणि या दोघांनी होणारी आग दाबायला मोमेटासोन असतं. हे मोमेटासोन म्हणजे स्टेरॉईड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्याचीच भावंडं, त्यातलं क्लोबेटासोल तर सगळ्यांत जहाल. स्टेरॉईडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगही दबतो, म्हणून पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखरच उजळ दिसतो. जाऊबाई खोटं बोलत नव्हत्या.

खोटं पुढच्या महिन्यांत उघडं पडतं. कातडी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, विशीत न आलेले मुरूम तिशीत येतात, गालावर आणि हनुवटीवर लव दाट होते. २००८ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी या अवस्थेला 'टोपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस' असं रीतसर नाव दिलं, इतकी ती आपल्या देशात सर्रास दिसत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेला याच कामासाठी वेगळं पथक नेमावं लागलं.

माझ्या ओळखीच्या एक अंगणवाडी मदतनीस आहेत. दुसऱ्या एका दुकानातून त्या ही ट्यूब दोनेक वर्षं नेत होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा भाजल्यासारखा लाल होता. चुलीपुढे बसून भाकरी थापवत नव्हती, तव्याची धग लागली की गालांची आग व्हायची, म्हणून भाकरी सुनेकडे गेली होती. चष्म्याच्या दांडीखालची जागासुद्धा हुळहुळत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी ट्यूब बंद करायला सांगितली. बंद केली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चेहरा सुजला, पुरळ उठलं, रात्रभर झोप नाही. मग बाई काय करणार? पुन्हा ट्यूब आणली, लावली, आणि सकाळी बरं वाटलं. स्टेरॉईड थांबवलं की जे उसळतं ते औषध सुटल्याचं लक्षण असतं, पण पेशंटला वाटतं ट्यूबशिवाय आपलं भागत नाही. डॉक्टरांनी नंतर सौम्य औषधावर आणून हळूहळू सोडवलं. त्यात कित्येक महिने गेले. त्या आता बऱ्या आहेत, शिरा मात्र तशाच आहेत.

नायट्याचंही हेच, पण ते मी दोन वाक्यांत सांगते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. जांघेत, कमरेला खाज सुटली की लोक स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असलेली ट्यूब नेतात. खाज एका दिवसात थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते, आणि मग घरातल्या सगळ्यांना नायटा होऊन सहा-सहा महिने गोळ्या खाव्या लागतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही मलमंही होती. बाकीची शिल्लक आहेत.

आता कायदा, कारण लोकांना वाटतं कायदा नाहीच. आहे. औषधांच्या नियमांतल्या परिशिष्ट 'एच'मधली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण वरून लावायच्या मलमांना त्यातून बरीच वर्षं सूट होती. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने चौदा स्टेरॉईडांची ही सूट काढली. तेव्हापासून अशा स्टेरॉईडांच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय देणं हा गुन्हा आहे. माझ्या तालुक्यातल्या कुठल्याही पोराला शंभराची नोट देऊन पाठवा, कुठल्या तरी दुकानातून ट्यूब घेऊन तो दहा मिनिटांत परत येईल.

याला आमचा धंदा जबाबदार आहे आणि ते मी धंद्यातली म्हणून लिहिते. स्टॉकिस्टकडून, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याकडून, स्कीम येते, दहा ट्यूबांवर दोन फुकट. गिऱ्हाईक उधारीचं, ओळखीचं असतं. शेवटी असं होतं की मी नाही दिली तर ती बाई रस्ता ओलांडून समोरून घेते, आणि घरी जाऊन सांगते की त्या मेडिकलवाल्या ताईचा तोराच फार. पुढच्या वेळी तापाची गोळीसुद्धा ती समोरूनच घेते. चिठ्ठी मागणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं आणि न मागणाऱ्याचं वाढतं, हा हिशेब जोवर असा आहे तोवर 'विक्रेत्यांनी नैतिकता पाळावी' छापाच्या अग्रलेखांचा काही उपयोग नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे आणि ती भावनिक नाही, कागदोपत्री आहे. तीव्र स्टेरॉईड असलेली मलमं परिशिष्ट 'एच-१'मध्ये घाला. १ मार्च २०१४ पासून हे परिशिष्ट लागू आहे. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती: वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या. ती विकताना वेगळ्या वहीत चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं जपावी लागते. औषध निरीक्षक आले की आधी ती वही मागतात, मग खरेदीची बिलं काढायला लावतात आणि आकडे जुळवतात. खरेदी साठ, नोंद वीस, मग चाळीस गेले कुठे?

वहीने सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. नावं कशी भरली जातात हे मलाही माहीत आहे. पण क्षयाच्या गोळ्या आज कुणी चणे-फुटाण्यासारख्या विकत नाही हे खरं आहे, आणि झोपेच्या गोळीला समोरचा दुकानदारही "चिठ्ठी आणा" म्हणतो. तो सज्जन झाला म्हणून म्हणत नाही, हिशेब द्यावा लागतो म्हणून म्हणतो. चेहऱ्यावरच्या ट्यूबला आज असा हिशेब नाही. बिल न करता गल्ल्यात नोट टाकली की संपलं.

यावर लोकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. चिठ्ठी आणायला त्वचेच्या डॉक्टरकडे अकोल्याला नाहीतर अमरावतीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. मजुरी बुडते, भाडं लागतं, फी वेगळी. गरिबाने वांग घेऊनच जगायचं का? तर नाही. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. सरकारच्या ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरशी फुकट बोलता येतं, चिठ्ठी मोबाइलवर येते आणि ती आम्हाला चालते. हे सांगणारा एक कागद मी काउंटरला चिकटवून ठेवला आहे. आपल्या पुरवणीत लिंबाच्या जागी हे छापलं असतं तर मला तो कागद चिकटवावा लागला नसता.

आता ज्याला मेडिकलचा परवानाही लागत नाही त्या वाटेबद्दल. २०२३ च्या सुरुवातीला आमच्या अकोल्यातल्याच एका कुटुंबाची बातमी आली होती, आपल्याही वाचकांना आठवत असेल. मुलगी, आई आणि बहीण, तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या, ते ब्युटी पार्लरकडून आलेलं होतं, आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. पाऱ्याचे क्षार कातडीचा रंग बनवणारी क्रियाच अडवतात, म्हणून गोरेपणा येतो. पण पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या पंधरा जणांत आजाराची एकाच जातीची दुर्मीळ खूण सापडली, आणि त्या पंधरातल्या तेरा जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला, हीच काय ती चांगली गोष्ट.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आला तरी दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम लेबल असलेल्या डबीला. पार्लरमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत चमच्याने भरून दिलं जातं त्याला लेबलच नसतं. "नाइट क्रीम" म्हणून देतात. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना नंबर नाही, बॅच नाही, तारीख नाही. अशी डबी घरात असेल तर लावणं आजच थांबवा. पायांना, डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. ती साधी तपासणी आहे, उपजिल्हा रुग्णालयातही होते. डॉक्टरला क्रीमबद्दल आपणहून सांगा, कारण मूत्रपिंडाचे डॉक्टर काय खाता विचारतात, काय लावता हे विचारायचं राहून जाऊ शकतं.

पार्लरमधली दुसरी टूम म्हणजे ग्लुटाथिओनची सलाईन. लग्नाआधी सहा घ्या, दहा घ्या, अशी पॅकेजं लागतात. गोरेपणासाठी या इंजेक्शनला आपल्या देशात मान्यता नाही, एवढं वधूपित्यांनी लक्षात ठेवावं. आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या! या मुळात पाळीत रक्तस्राव जास्त होतो त्यासाठीच्या. वांगावर काही डॉक्टर विचार करून त्या देतात. पण आता मुली व्हिडिओ बघून सरळ गोळ्यांची पट्टी मागतात. रक्त गोठवायच्या बाजूने काम करणारी गोळी आहे ही. घरात कुणाला पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, स्वतः गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर हिच्याशी खेळ नको. एका मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, रीलमध्ये असं काही नव्हतं."

पील (औषध लावून वरची कातडी सोलून काढणं) आणि लेझर यांच्याबद्दल मी बोलायची अधिकारी नाही, मी औषधवाली. एक मात्र दुकानातून दिसतं. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी पार्लरमध्ये पील करून घेतलेल्या मुली चेहऱ्याची सालं निघत असताना हळदीच्या खरेदीला भर दुपारी बाजारात फिरतात, आणि मग काळे चट्टे आले म्हणून माझ्याकडे येतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला जखम झाली, भाजलं, की ती काळा डाग धरते. कातडीचा तो स्वभावच आहे. त्यामुळे असलं काही करायचंच असेल तर करणाऱ्याचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का ते बघा. 'स्किन स्पेशालिस्ट' अशी पाटी रंगवायला पेंटर लागतो, पदवी लागत नाही.

आता खरा मुद्दा, म्हणजे ऊन. वांग असो, रापलेला चेहरा असो, त्याच्या मुळाशी ऊन आहे. गरोदरपण, गोळ्या, घराण्यातला गुण ही कारणं असतातच, पण ऊन त्याला खतपाणी घालतं. आणि या गोरं करणाऱ्या ट्यूबा कातडीला उन्हासमोर आणखी उघडं पाडतात. ट्रेटिनॉइन लावलेल्या चेहऱ्याला ऊन जास्त लागतं, म्हणूनच डॉक्टर ती रात्री लावायला सांगतात आणि दिवसा सनस्क्रीन लिहितात. माझ्याकडे चिठ्ठी घेऊन येणारी बाईही ट्यूब नेते आणि सनस्क्रीन वगळायला सांगते. का, तर ट्यूब दीडशेच्या आत-बाहेर, काही तर पन्नासच्या आसपास, आणि बऱ्यापैकी सनस्क्रीन चारशे ते सहाशे. ती लावते रात्री ट्यूब आणि सकाळी जाते निंदणाला. मग चेहरा पहिल्यापेक्षा काळा झाला की म्हणते, ट्यूब जुनी होती वाटते.

सनस्क्रीनचा हिशेब एकदा मांडूनच दाखवते, कारण जाहिरातीत तो नसतो. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडतं ते सांगणारा, आकडा प्रयोगशाळेत काढतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून. म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीभर दोन रेघा, साधारण एक ग्रॅम किंवा थोडं वरच. लोक लावतात वाटाण्याएवढं. त्यात पन्नासचा आकडा कुठच्या कुठे खाली येतो. नीट लावलं आणि उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. दिवसातून दोनदाच लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब महिना पुरत नाही. पाचशे रुपये म्हणजे शेतमजूर बाईची दोन दिवसांची मजुरी. घाम पुसताना पदराला निम्मं निघून जातं ते वेगळंच. तीसचा एसपीएफ कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो आणि पन्नासचा ९८, तेव्हा पन्नास आणि सत्तरमधल्या फरकासाठी दोनशे रुपये जास्त मोजणाऱ्यांना मी तीस घ्या पण पुरतं लावा असं सांगते. माझा त्यात तोटा आहे, पण असू दे.

मग शेतातल्या बाईने काय करावं? ती जे करते तेच, थोडं नेमकं. आमच्याकडे बाया डोक्यावरून, तोंडावरून दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून वेचणीला जातात. ती शहरातल्या लोकांना फॅशन वाटते, प्रत्यक्षात ते चांगलं संरक्षण आहे. कापड घट्ट विणीचं आणि गडद रंगाचं असावं. जाळीदार, विटलेल्या पांढऱ्या ओढणीतून बरंच ऊन आत येतं, आणि घामाने भिजलेल्या सुती कापडातून आणखी येतं, म्हणून एक कोरडा दुपट्टा सोबत असावा. वरून रुंद काठाची टोपी. बाप्यांना मी अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेवर उपरणं सांगते. मानेचा मागचा भाग सगळ्यांत आधी जळतो.

ज्यांना वांग आहे त्यांनी एवढं जाणून घ्यावं की काचेतून आणि ढगातूनही काही किरण येतात, आणि सावळ्या कातडीत तर साध्या उजेडानेही वांग गडद होतं. त्यासाठी कातडीच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन मिळते. पांढऱ्या क्रीमपेक्षा वांगाला ती जास्त उपयोगी पडते आणि चेहऱ्यावर पीठ फासल्यासारखी दिसत नाही. पावसाळ्यातही लावायची. ज्यांच्या चेहऱ्यावर कोडाचे डाग आहेत त्यांना तर ऊन लगेच भाजतं. त्या सगळ्यांसाठी सनस्क्रीन ही चैन नाही, औषध आहे. आपल्याकडे मात्र कायद्याने ती पावडर-लिपस्टिकच्या रांगेत, सौंदर्यप्रसाधनांत बसते, त्यामुळे सरकारी दवाखान्यात मागितली तर मिळेल याची आशा कमीच. अमेरिकेत तिला औषध मानतात. क्लोबेटासोल पन्नास रुपयांत आणि सनस्क्रीन पाचशेत असताना बाई काय उचलणार, हे सांगायला मेडिकलवाली कशाला हवी?

तेव्हा मागण्या एकत्र सांगते. अन्न व औषध प्रशासनाने आणि केंद्राच्या आरोग्य खात्याने तीव्र स्टेरॉईड मलमं 'एच-१'मध्ये घ्यावीत, ट्यूबवर 'स्टेरॉईड आहे, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय चेहऱ्यावर लावू नका' हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापायला लावावं, आणि वांग व कोडाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून साधी सनस्क्रीन द्यावी. आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत यापुढे औषधाच्या दुकानातलं क्रीम सुचवायचं झालं तर त्यातलं औषध कोणतं, किती दिवस आणि कुणाला विचारून हेही छापावं. आपल्या लेखिकेला वेळ असेल तर तिने एक दिवस माझ्या काउंटरच्या आत येऊन बसावं. बाजाराच्या दिवशी यावं, त्या दिवशी गर्दी असते.

पत्रासोबत नाव आणि परवान्याचा नंबर आपल्या माहितीसाठी दिला आहे. तो छापू नये. तालुक्याचं गाव आहे, स्टॉकिस्ट एकच आहे आणि माल मला त्याच्याकडूनच घ्यायचा आहे.

आपली,
एक औषधविक्रेती
मूर्तिजापूर, जि. अकोला